पुण्यात एक पाटी कमी आहे

प्रति,
पुणे महापालिकेत हेरिटेजचं काम बघणारे साहेब आणि मॅडम,
औंधच्या पशुसंवर्धन आयुक्तालयातली मंडळी,
आणि माझे सगळे व्यवसायबंधू-भगिनी,

सप्रेम नमस्कार.

मी गुरांचा डॉक्टर. म्हणजे होतो, रिटायर होऊन आता पाच वर्षं झाली, सध्या सोसायटीतल्या कुत्र्यामांजरांना फुकट सल्ला देणारा काका एवढीच पोस्ट उरलीय. पत्र लिहायचं कारण असं की गेल्या हिवाळ्यात नातीच्या हट्टापायी एका हेरिटेज वॉकला गेलो, सकाळी साडेसहाला संगम पुलापाशी जमायचं, स्वेटर-मफलर घालून वीसबावीस लोक, त्यात निम्मे माझ्या वयाचे आणि प्रत्येकाला गाईडपेक्षा जास्त माहिती असलेले, पुणंच ते. गाईड मुलगा चांगला होता हो, तयारी करून आलेला. इंजिनिअरिंग कॉलेजपाशी थांबून त्याने दगडी इमारतीबद्दल सांगितलं, १८५४ च्या वर्गापासून सुरुवात केली, मग एका काळी याला कॉलेज ऑफ सायन्स म्हणायचे तेही सांगितलं. मी मागून हात वर केला, म्हटलं बाळा, इथेच गुरांच्या रोगांची लॅब निघाली होती ना? तो गोंधळला, मोबाईलमध्ये काहीतरी बघितलं आणि म्हणाला, "काका, गुरांचं इथे काही नाही, ते औंधला."

सगळे हसले. नातही हसली. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

तर आता सांगतो काय ते. ९ डिसेंबर १८८९ ला या पुण्यात, या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी नावाची प्रयोगशाळा सुरू झाली. काम एकच, जनावरांच्या रोगांवर संशोधन. आज बरेलीजवळ इज्जतनगरला जी आयव्हीआरआय आहे, म्हणजे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था, जिचं नाव काढलं की आमच्या धंद्यातली माणसं जरा सरळ बसतात, तिचा जन्म पुण्याचा. आणि त्याच्याही सत्तावीस वर्षं आधी, १८६२ ला, लष्कराची पशुवैद्यकीय शाळा निघाली तीही पुण्यातच. म्हणजे लाहोरचं १८८२ चं कॉलेज, आमचं परळचं १८८६ चं, कलकत्त्याचं, मद्रासचं, या सगळ्यांच्या आधी. आपल्याकडे कुठल्या वाड्यात कोण भाड्याने राहिलं होतं त्याचे निळे फलक आहेत, चांगलंच आहे, मी ते वाचत वाचतच फिरतो. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये यालाही पाटी आहे. आणि या दोन गोष्टींना नाही.

मला एक पाटी हवीय. पण तिच्यावर काय लिहायचं यावरून आमच्याच लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतकी भांडणं झाली की म्हटलं सगळं एकदा नीट लिहूनच काढावं, म्हणून हे लांबलचक पत्र, सांभाळून घ्या.

पहिलं भांडण शालिहोत्रावरून, म्हणजे घोड्यांचं शास्त्र ज्याच्या नावावर आहे त्या जुन्या ऋषीवरून. आमच्यात दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी जागतिक पशुवैद्यकीय दिन असतो, हार-तुरे-भाषणं, आणि प्रत्येक भाषण शालिहोत्रापासून सुरू होतं, मग पालकाप्य ऋषी आणि हत्तींचा हस्त्यायुर्वेद, मग अशोकाने जगातला पहिला जनावरांचा दवाखाना काढला, आणि तिथून जी उडी मारतात ती थेट प्रमुख पाहुण्यांच्या कार्यावर. मधली दोन हजार वर्षं चहापाण्याला गेलेली असतात. मला शालिहोत्राबद्दल आदर आहे, घोड्यांवरचं एवढं जुनं शास्त्र आपल्याकडे होतं याचा अभिमानही आहे, नकुल विराटाच्या घरी ग्रंथिक नाव घेऊन घोडे बघायचा आणि सहदेव तंतिपाल होऊन गाई सांभाळायचा ही गोष्ट मी पोरांना शंभरदा सांगितलीय. पण अशोकाचं जरा नीट बघा. गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात शब्द आहेत ते "मनुसचिकीछा च पसुचिकीछा च". दोन चिकित्सा, माणसांची आणि पशूंची, आणि जिथे औषधी वनस्पती नाहीत तिथे आणून लावल्या. एवढंच म्हटलंय आणि एवढंच केवढं मोठं आहे! राजा दगडावर कोरून माणसाच्या शेजारी जनावर ठेवतो. त्यात आपण ओपीडी आणि वॉर्ड कशाला घुसवायचे?

खरी गंमत वेगळीच आहे. शालिहोत्राचं शास्त्र फारसीत गेलं, सुलतानांच्या पागेत गेलं, आणि त्याच्या नावाचाच धंदा झाला, सालोत्री. घोड्याचा वैद्य म्हणजे सालोत्री. पार इंग्रजांच्या पलटणींपर्यंत हा शब्द चालला, गोरे अधिकारीसुद्धा देशी घोडावैद्याला सालोत्रीच म्हणायचे. आपल्याकडे सभासद बखरीत महाराजांच्या पागेची व्यवस्था दिलीय त्यात पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. विचार करा, पाणी आणि खूर. आजही मला कोणी विचारलं की घोडा कशाने निकामी होतो तर मी या दोनच गोष्टी आधी विचारीन, पोटात काय गेलं आणि पायात काय झालं. भीमेच्या काठची ती बुटकी तट्टं कुठल्या कुठे दौडत गेली त्यात त्या नालबंदाचा वाटा केवढा असेल, पण नालबंदाची वंशावळ कोण छापणार.

दुसरं भांडण इंग्रजांवरून. एक मित्र म्हणाला साम्राज्याच्या लॅबची पाटी आपण कशाला लावायची. बरोबर आहे त्याचं, मी वाद घातला नाही. पण मग १८६२ ला इथेच शाळा का निघाली ते तरी कळायला हवं ना. सत्तावनचं बंड नुकतंच मिटलेलं, कंपनी जाऊन राणीचं राज्य आलेलं, खडकीला तोफखाना, तोफा ओढायला घोडे, स्वारांना घोडे, आणि परदेशातून जहाजाने आणलेला घोडा म्हणजे पैशाची थैलीच. तो मेला तर नुकसान सरकारचं. म्हणून शाळा. भूतदया वगैरे काही नाही, शुद्ध हिशोब.

आणि हे फक्त आपल्याकडे नाही हां. जगातली पहिली पशुवैद्यकीय शाळा फ्रान्समधल्या लियाँ गावाची, १७६१ ला राजाची परवानगी, पुढच्या वर्षी वर्ग सुरू. काढणारा क्लोद बूर्जला, हा घोडेस्वारीची अकॅडमी चालवायचा, स्वतः डॉक्टर बिक्टर नाही. पण घोड्याच्या शरीरावर त्याने जाड पुस्तक लिहिलेलं आणि मुख्य म्हणजे राजाच्या खजिन्याचा मंत्री बेर्तँ त्याचा दोस्त. ओळख लागते, तेव्हाही लागायची. खजिन्याच्या मंत्र्याला शाळेत इंटरेस्ट का? कारण युरोपभर गुरं मरत होती, गुरं मेली की नांगर थांबतो, नांगर थांबला की सारा कुठून येणार. थोड्याच वर्षांत पॅरिसजवळ आल्फोरला दुसरी शाळा निघाली, डेन्मार्क-स्वीडनने पोरं शिकायला पाठवली, ती परत जाऊन आपापल्या देशात शाळा काढून बसली. लंडनचं कॉलेज १७९१ चं, आणि त्याचा पहिला मुख्य प्राध्यापकसुद्धा लियाँमध्ये शिकलेला फ्रेंच माणूसच, बिचारा दोन वर्षांत गेला.

या सगळ्यामागे जो रोग होता त्याचं नाव घ्यायलाही आमच्याकडची म्हातारी माणसं तयार नसायची. बुळकांडी.

तरुण डॉक्टरांनी बुळकांडी बघितलेली नाही, देवाची कृपा, आणि आमच्या लोकांचे कष्ट. आधी ताप, मग तोंडात कोंडा भुरभुरल्यासारखे चट्टे, डोळ्यातून नाकातून पाणी, मग हगवण अशी की शेपटी, मांड्या, गव्हाण सगळं भरलेलं, आणि आठवड्या-दीड आठवड्यात जनावर आडवं. एक नाही, अख्खा गोठा. १७१० च्या दशकात रोमजवळ ती आली तेव्हा पोपचा वैद्य लान्चिसी म्हणाला उपचारात वेळ घालवू नका, आजारी जनावर मारा, पुरा, हालचाल बंद करा. लोकांनी शिव्याच घातल्या असतील. पण रोग आटोक्यात आला. २०२२ ला लंपी आला तेव्हा जनावरांचे बाजार बंद केले, जिल्ह्याबाहेर वाहतूक बंद केली, तेव्हा शेतकरी आमच्या पोरांवर ओरडत होते, आणि मला त्या रोमच्या वैद्याची फार आठवण येत होती. तीनशे वर्षांत लस आली, मोबाईल आला, पण बाजार बंद करायची अक्कल तीच जुनी.

हिंदुस्थानात बुळकांडीने एवढा कहर केला की सरकारला कमिशन नेमावं लागलं, हॅलन कमिशन, १८७१ ला त्याचा अहवाल आला. त्यातून हळूहळू, सरकारी वेगानेच, अठरा वर्षांनी पुण्यातली ती लॅब. तिच्यावर अल्फ्रेड लिंगार्ड नावाचा माणूस नेमला, हुद्दा इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिस्ट. काळ लक्षात घ्या, पाश्चरने मेंढ्यांवर काळपुळीच्या लशीचा जाहीर प्रयोग करून दाखवला तो १८८१ ला, आणि तोही एका पशुवैद्याच्या वावरात, रोसिन्योल त्याचं नाव, त्याने पाश्चरला जवळपास आव्हानच दिलं होतं की एवढं बोलताय तर माझ्या शेतावर करून दाखवा. आणि घोड्या-उंटांच्या सर्रा रोगाचा जंतू ग्रिफिथ एव्हान्स या लष्करी पशुवैद्याने डेरा इस्माईल खानला सूक्ष्मदर्शकाखाली पकडला १८८० ला. म्हणजे जंतूशास्त्र तेव्हा कालवडीच्या वयाचं होतं, आणि त्या वयात ते पुण्यात येऊन राहिलं.

राहिलं म्हणजे चारच वर्षं. भरवस्तीत बुळकांडीचा विषाणू सांभाळायचा म्हणजे घरात फटाके वाळत घालण्यासारखं, शिवाय उकाडा, बर्फ नाही की फ्रिज नाही. १८९३ ला लॅबचं बिऱ्हाड कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हललं, गावापासून लांब, थंड हवा. १८९७ ला तर जर्मनीचा मोठा जंतूशास्त्रज्ञ, खुद्द रॉबर्ट कॉख, तिथे जाऊन आला. पुढे १९२० च्या दशकात एडवर्ड्स नावाच्या संशोधकाने तिथेच बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमधून फिरवून फिरवून नरम केला आणि लस तयार केली. पुणेकर म्हणतील चारच वर्षं होती तर पाटी कशाला. अहो, माणूस जन्मतो त्या खोलीत तरी किती दिवस राहतो? पाटी तिथेच लावता ना?

आता जरा स्वतःचं सांगतो, कारण नाहीतर हे सगळं पुस्तकी वाटेल.

मी परळच्या कॉलेजचा. १८८६ चं कॉलेज, बाई साकरबाई पेटिट हॉस्पिटलला लागून, पहिला प्रिन्सिपॉल स्टील, लष्करातला पशुवैद्य, कॉलेज उभं करून पस्तिशी-छत्तिशीतच वारला. आमच्या आधीच्या लोकांच्या नावापुढे जी.बी.व्ही.सी. असायचं, ग्रॅज्युएट ऑफ बॉम्बे व्हेटरिनरी कॉलेज, तालुक्याच्या गावी अशा पाट्या मी बघितल्यात. आम्ही शिकलो परळला आणि डिग्रीवर नाव दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं, नातेवाईक विचारायचे दापोलीत कधी होतास रे? १९८४ ला पास झालो. त्याच साली भारतीय पशुवैद्यक परिषदेचा कायदा झाला, कोण डॉक्टर आणि कोण नाही हे देशभरासाठी लिहिलं गेलं. इंग्लंडमध्ये तसला कायदा १८८१ चा. शंभर वर्षांचा फरक, असो.

पहिली नेमणूक पुरंदर तालुक्यात. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, बाहेर लोखंडी खोडा, एक कंपाउंडर जो मला साहेब म्हणायचा आणि साहेबाला काही येत नाही हे त्याला पहिल्याच दिवशी कळलेलं होतं. आठवड्याभरात रात्री अकराला बोलावणं, गाय अडली. गेलो. कंदिलाच्या उजेडात बघतो तर वासराचं तोंड बाहेर, एक पाय बाहेर, दुसरा पाय गुडघ्यात मुडपून आत अडकलेला. पुस्तकात हे चित्र होतं, पान डाव्या हाताचं होतं हेही आठवत होतं, पण गाय हंबरत होती, चार बाप्ये दोरीला लटकलेले आणि घरची बाई माझ्याकडे बघत होती. मी काय केलं तर मीही म्हटलं ओढा! माझी चूक, दुसऱ्या कुणाची नाही.

तिथे एक म्हातारे बसले होते, बैलांच्या खुरांना पत्र्या मारायचं काम करायचे, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. विडी विझवून उठले आणि म्हणाले, "डाक्टर, खाट दारात आडवी झाल्यावर वढून निघती व्हय? आदी माघारी ढकला." डोक्यात लख्ख उजेड पडला, पुस्तकातलं तेच होतं की. हाताला करडईचं तेल चोपडलं, कोपरापर्यंत आत, कळ ओसरली की वासराला मागे ढकलायचं, कळ आली की थांबायचं. बाबा मागून सांगतायत, खूर मुठीत झाका, पिशवी फाटंल. खूर तळव्यात धरून पाय सरळ केला, मग दोघांनीच ओढलं आणि कालवड निघाली, नाकात गवताची काडी घातल्यावर शिंकली. त्यांच्या घरात हे काम किती पिढ्यांचं होतं मी विचारलं नाही, लाज वाटत होती. बाबांनी पैसे घेतले नाहीत, मी मात्र चहा प्यायलो.

तर सालोत्री आणि नालबंदाला पाटीवर जागा द्या असं मी ग्रुपवर म्हणतो त्याच्यामागे ती रात्र आहे. आमच्यातले काही जण चिडतात, की आधीच लोक आपल्याला ढोर डॉक्टर म्हणतात, कुठल्याही दवाखान्याबाहेर बोर्ड लावून बसणाऱ्या भोंदूंशी लढता लढता जीव जातोय आणि तू अजून नालबंदाला बाजूला बसव. मान्य आहे, भोंदू मारतातच जनावरं, नको तिथे नको ते इंजेक्शन ठोकून, मी स्वतः पंचनामे केलेत. पण आपण आकाशातून पडलो नाही एवढं म्हणायला काय हरकत आहे? बाबिलोनच्या हम्मुराबीच्या कायद्यातसुद्धा बैल-गाढवांच्या वैद्याची फी लिहिलीय, एक षष्ठांश शेकेल, आणि जनावर दगावलं तर किमतीतला हिस्सा वैद्याने भरायचा. तो कायदा आज लागू झाला तर आमच्यातल्या निम्म्यांची पेन्शन जाईल!

बुळकांडीचं राहिलं. १९५४ पासून देशात लसीकरणाची मोहीम होती, मी त्याच्या शेपटीला लागलो. थर्मासमध्ये लस, वर बर्फ, आणि पुरंदरमध्ये उन्हाळ्यात बर्फ मिळायचा तो गोळेवाल्याकडे, तो म्हणायचा डॉक्टर रंगीत देऊ का साधा. लस एकदा कालवली की काही तासांत संपवायची, नाहीतर पाणीच. मोटरसायकलवर कंपाउंडर मागे, त्याच्या मांडीवर थर्मास, गावात दवंडी दिलेली. पुढे लस टप्प्याटप्प्याने बंद झाली आणि उलटं काम आलं, गावोगाव जाऊन विचारायचं की बुळकांडीसारखं काही दिसलं का. रोग नाही हे सिद्ध करणं म्हणजे रोग शोधण्यापेक्षा अवघड, कारण रोज रिकाम्या हाताने परत यायचं आणि तेच फॉर्मवर लिहायचं, निरंक, निरंक, निरंक. एका वाडीत मी आजीला नावाने विचारलं तर तिने पदर तोंडाला लावला, म्हणाली नाव घेऊ नका लेकरा, माझ्या सासऱ्याच्या दावणीला चौदा जनावरं होती, एका पंधरवड्यात दावी तेवढी राहिली. दावी तेवढी राहिली हे शब्द मी विसरू शकत नाही.

२००६ ला भारत बुळकांडीमुक्त जाहीर झाला आणि २०११ ला सगळं जग. देवीच्या रोगानंतर जगातून पार नाहीसा केलेला हा दुसराच रोग, आणि जनावरांमधला पहिला. तेच साल लियाँच्या शाळेचं अडीचशेवं, म्हणजे ज्या रोगापायी आमचा धंदा जन्मला तो धंद्याच्या अडीचशेव्या वर्षी संपला. त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले, क्लार्कने विचारलं साहेब नात झाली का. म्हटलं नाही रे, बुळकांडी गेली. तो म्हणाला कोण?

माणसांच्या डॉक्टरांचे पुतळे असतात, आमच्यातल्यांची नावं इंजेक्शनमध्ये विरघळून जातात. तुमच्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लशीचा व्रण असेल, पुण्यातल्या जवळपास प्रत्येकाच्या असतो. बीसीजीतला जी म्हणजे गेरँ, कामी गेरँ, तो पशुवैद्य होता. त्याने आणि त्याचा जोडीदार काल्मेत, म्हणजे बीसीजीतला सी, यांनी गाईच्या क्षयाचा जंतू घेऊन बैलाच्या पित्तात भिजवलेल्या बटाट्यावर तेरा वर्षं वाढवला, दोनशे तीस वेळा एकातून दुसऱ्यात, मग १९२१ ला पहिली लस दिली. मध्ये पहिलं महायुद्ध होऊन गेलं, यांचं चालूच. माणसाची लस बनवायला गुरांचा डॉक्टर लागला, हे मी सोसायटीच्या गणपतीत सांगितलं तर एक बाई म्हणाल्या ईऽऽ बटाटा?

पुढचं पटकन सांगतो, तुम्हाला ते दिसतंच आहे. मोटारी आल्या, घोडा गेला, जगभर या धंद्याचं पोट घोड्यावरून गाईवर आलं. पुण्यात टांगे होते तोवर टांग्याचे घोडे यायचे, मग तेही संपले. आपल्याकडे जनावरांचं मुलकी खातं १८९२ ला निघालं, २० मे, तो दिवस आपण पशुसंवर्धन दिन म्हणून पाळतोच. मणिभाई देसाईंनी १९६७ ला उरुळी कांचनला बायफ ही संस्था काढली आणि कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारात नेलं, संकरित गाई आल्या, दूध वाढलं आणि कासदाहही वाढला, फुकट काहीच नसतं. आता शहरात कुत्र्यामांजरांचे दवाखाने, सोनोग्राफी, डायलिसिस, छान आहे, मी टीका करत नाही, पोरांनी पैसे का कमवू नयेत. आमच्या बॅचला तीन मुली होत्या, आता वर्गात बघावं तर मुलीच मुली, शिरवळच्या कॉलेजात व्याख्यानाला गेलो तेव्हा पुढचे दोन्ही बाक त्यांचे. एलीन कस्टने १९०० ला शिक्षण पुरं केलं आणि बाई म्हणून इंग्लंडमध्ये रजिस्ट्रेशन मिळायला १९२२ उजाडलं हे त्यांना सांगितलं, तर एक जण म्हणाली सर आम्हाला रजिस्ट्रेशन मिळतं, पण गोठ्यात गेलं की डॉक्टर कधी येणार असं विचारतात. मी गप्प बसलो.

मला काळजी वेगळीच वाटते. नीटची परीक्षा देऊन, साडेपाच वर्षं शिकून पोरं बाहेर पडतात आणि त्यांना वाटतं आपला धंदा कालपरवा सुरू झाला. ज्या शहरात तो सुरू झाला तिथून ती रोज टू-व्हीलरवरून जातात, सिग्नलला थांबतात, आणि वाचायला काही नाही.

तर मागणी एवढीच. कॉलेजच्या भिंतीला हात लावू नका, परवानग्यांचं मला माहितीय, बाहेर फुटपाथवर एक खांब चालेल, निळा रंग नसला तरी चालेल. लॅब नेमकी कुठल्या खोल्यांमध्ये होती ते कॉलेजच्या जुन्या दप्तरात बघायला मी स्वतः येऊन बसेन, धुळीची ॲलर्जी नाही, आयुष्य गोठ्यात गेलंय. खर्च आम्ही रिटायर्ड सात-आठ जण काढतो, उद्घाटनाला कुणाला बोलवायचं ते तुम्ही ठरवा, फक्त श्रीफळ-शाल माझ्यासाठी नको, घरात सतरा शाली आहेत. मजकूर मी करून ठेवलाय, ग्रुपवर अजून भांडण चालू आहे पण मी हाच पाठवतोय:

"या पुणे शहरात १८६२ साली लष्कराच्या घोड्यांसाठी पशुवैद्यकाची शाळा सुरू झाली. ९ डिसेंबर १८८९ रोजी येथील कॉलेज ऑफ सायन्समध्ये जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा सुरू झाली, ती १८९३ साली मुक्तेश्वरला गेली. शाळा-प्रयोगशाळा नव्हत्या तेव्हा, आणि नंतरही रात्री-अपरात्री, हे काम सालोत्री, नालबंद, पत्री मारणारे आणि धनगर यांनी केले.
सूचना: या खांबाला कुत्रे बांधू नये. बांधल्यास पाणी ठेवावे."

आपला,
एक गुरांचा डॉक्टर
औंध, पुणे